धबधब्याची गळती: सिमेंट की रबर शीट?

घोडबंदर रोडला आमच्या रो-हाउसच्या मागे छोटं तळं आहे, त्यावर दगडांचा धबधबा. एप्रिलमध्ये रोज दोन बादल्या पाणी कमी व्हायला लागलं. आधी रात्रभर पंप बंद ठेवला आणि काठावर खडूने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेलाच! म्हणजे तळं ठीक, गळतोय धबधबा.

गवंडी म्हणाला, "साहेब, वॉटरप्रूफिंग पावडर घालून सिमेंट मारतो, एका दिवसाचं काम." स्वस्त खरंच. पण खालची भरावाची माती पावसात बसते, दगड केसभर हलतो आणि सिमेंट पुन्हा तडकतं. शिवाय ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून पीएच (म्हणजे पाण्याचा क्षारपणा) वाढवतो. मासे असतील तर पाणी दोन-तीनदा बदलल्याशिवाय ते तळ्यात सोडू नका.

ईपीडीएम रबर शीट (दगडांखाली अंथरायचं लवचिक, पाणी न झिरपणारं रबर) महाग, आणि सगळे दगड उचलावे लागतात (कंबर बोलते). पण ती मातीबरोबर वाकते. आमचे दगड काढले तर खाली अंथरलेल्या जुन्या प्लास्टिकची कडा एका कोपऱ्यात दबलेली, पाणी तिथूनच मातीत.

फक्त कडा दबली असेल तर ती उचलून मागे माती ठोका, फुकटात काम होतं. आमचं प्लास्टिक मात्र कडक होऊन चिरलं होतं, म्हणून शीटच घातली.