जागतिक बँकेची डेटा साइट, ऊर्जासाठ्यांच्या ऱ्हासाचा आकडा: ५ पैकी ४ स्टार

सदाशिव पेठेत एमएच्या मुलांना इकॉनॉमिक्स शिकवते त्यामुळे ही साइट सारखी उघडीच असते, पण आज एकाच आकड्याबद्दल लिहितेय, देशाने वर्षभरात कोळसा, तेल, गॅस उपसून जमिनीखालची जी संपत्ती संपवली ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के. हे कुणीतरी मोजतंय हेच मला फार मोलाचं वाटतं, कारण जीडीपीत खाणीतला कोळसा नुसती कमाई म्हणून धरतात, साठा घटला ते कुठेच वजा होत नाही. हिंजवडीत जमीन विकून आलेल्या पैशाला कुणी पगार म्हणतं का?

वापरायला एकदम सोपं. लॉगिन नाही, पैसे नाहीत, भारत टाका, शेजारी कुवेत-नॉर्वे टाका, १९७० पासूनचा ग्राफ समोर, एक्सेल फाइलही मिळते.

पण ग्राफ बघून लगेच निष्कर्ष काढू नका, आधी डिटेल्समधली व्याख्या वाचा प्लीज. साठ्याची किंमत भागिले तो जितकी वर्षं पुरेल ती वर्षं, आणि वर्षं जास्तीत जास्त २५च धरायची. म्हणजे समजा साठ्याची किंमत १००० कोटी आली आणि तो १० वर्षं पुरणार, तर वर्षाचा ऱ्हास १०० कोटी. ८० वर्षं पुरणार असेल तरी भागायचं २५नेच, म्हणजे ४० कोटी. आणि किंमत म्हणजे नुसता बाजारभाव नाही, त्यातनं काढायचा खर्च वजा करून जे उरतं ते. म्हणून २००८सारखा तेलाचा भाव भडकला की उपसा तेवढाच असला तरी आकडा वर जातो, आणि भाव कोसळला की देशाने काटकसर केली असं वाटतं. मुलं नेमकी इथेच गडबडतात.

एक स्टार कापला कारण सगळं फक्त देशपातळीवर आहे, चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्याचं वेगळं काही शोधाल तर मिळणार नाही, आणि खाणीपायी उठलेली गावं, खराब झालेलं पाणी या आकड्यात येतच नाही.

प्रोजेक्टला घेणार असाल तर ॲडजस्टेड नेट सेव्हिंग्जचा आकडाही सोबत घ्या. त्यात देशाच्या बचतीतनं यंत्रं-इमारतींची झीज, ऊर्जा, खनिजं, जंगल, प्रदूषण वजा करतात आणि शिक्षणावरचा खर्च मिळवतात. नॉर्वेने १९९०मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा फंड काढला, तो देश आणि कुवेत दोन्ही आकड्यांवर शेजारी ठेवून बघा, व्हायव्हाला विचारायला हाच प्रश्न मला सगळ्यात आवडतो.