पोस्टग्रेसचा हॅश इंडेक्स: वेगासाठी नको, जागेसाठी घ्या

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या हॅश इंडेक्सबद्दल (किमतीपासून ठरावीक लांबीचा हॅश कोड काढून त्यावरून रो शोधणारा इंडेक्स) अजूनही ‘तो वापरायचा नसतो’ एवढंच ऐकू येतं. २०१७ साली आवृत्ती १० येईपर्यंत ते खरंच होतं. त्यातले बदल राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीत, जात नसत, त्यामुळे सर्व्हर मध्येच कोसळला की इंडेक्स पुन्हा बांधावा लागे. रेप्लिकावर, म्हणजे सर्व्हरच्या चालू प्रतीवर, तर ते बदल पोचतच नसत. हे दोष आता गेले आहेत. पण बहुतेक जण तो लावतात वेगासाठी, आणि ते कारण कच्चं आहे.

बी-ट्री हा पोस्टग्रेसचा नेहमीचा, झाडासारखा इंडेक्स वरून खाली पातळीपातळीने उतरतो, हॅश थेट बकेट (नोंदींचा कप्पा) गाठतो, हे बरोबर. पण कोट्यवधी रो असलेल्या टेबलातही बी-ट्रीच्या पातळ्या तीन-चारच भरतात आणि वरच्या जवळपास कायम मेमरीत असतात. त्यामुळे वाचणारा वेळ किरकोळ असतो. खरी बचत जागेची आहे. हॅश इंडेक्स मूळ किंमत साठवतच नाही, फक्त तिचा ४ बाइटचा हॅश कोड ठेवतो. नोंदीचं हेडर ८ बाइट, अलाइनमेंट धरून कोडला ८, पेजमधल्या (डिस्कवरच्या ८ केबीच्या तुकड्यातल्या) पॉइंटरला ४, म्हणजे एकूण २० बाइट. कॉलममध्ये लांबलचक यूआरएल असली तरी एवढेच.

१०० बाइटची यूआरएल बी-ट्रीत ११६ बाइट घेते. मूळ फिलफॅक्टर, म्हणजे पेज किती टक्के भरायचं तो आकडा, बी-ट्रीला ९० आणि हॅशला ७५ असतो. तो धरून एक कोटी वेगवेगळ्या यूआरएलचा हिशेब केला तर बी-ट्री १.३ जीबीच्या आसपास जाते आणि हॅश २७० एमबीच्या. शिवाय बी-ट्रीत साधारण २,७०४ बाइटपेक्षा मोठी नोंद बसत नाही, इन्सर्टच नापास होतो. हॅशला ही अडचण नाही. उलट बिगइंटची नोंद दोन्हीकडे २० बाइटचीच, आणि फिलफॅक्टर कमी म्हणून हॅशच मोठा होतो. आकड्यांच्या कॉलमवर तो लावण्यात अर्थ नाही.

बकेट शोधण्याची पद्धत लिनियर हॅशिंगची, म्हणजे बकेट एकेक करून वाढवण्याची, आहे आणि ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. समजा बकेट ० ते ४ अशा पाच आहेत. हॅश कोड १३ आला. त्याचे शेवटचे तीन बिट घेतले की ५ मिळतो. बकेट ५ अजून जन्मालाच आलेली नाही, म्हणून दोनच बिट घ्यायचे: १. नोंद बकेट १ मध्ये. नोंदी वाढल्या की बकेट १ फुटते, बकेट ५ तयार होते आणि १३ तिकडे जातो. फुटण्याची पाळी क्रमाने येते, गर्दी पाहून नाही. कुठलीही बकेट कितीही तुंबलेली असो, तिला थांबावंच लागतं, आणि तोवर तिच्यामागे ओव्हरफ्लो पेजेसची (न मावलेल्या नोंदींच्या जादा पेजेसची) साखळी वाढत राहते.

म्हणूनच ‘स्टेटस’सारख्या, त्याच त्या मोजक्या किमती असलेल्या कॉलमवर हा इंडेक्स लावणं ही सगळ्यात महाग चूक. नवी बकेट एकूण नोंदींच्या संख्येवर निघते, साधारण दर ३०७ नोंदींमागे एक. एक कोटी रो आणि पाचच वेगळ्या किमती असतील तर बत्तीस हजारांहून जास्त बकेट तयार होतात, पण भरतात फार तर पाच. नोंदी सारख्या वाटल्या गेल्या असं धरलं तरी प्रत्येकीत वीस लाख, म्हणजे ८ केबीच्या जवळपास ४,९०० पेजेसची साखळी. नव्या नोंदीला जागा शोधताना इन्सर्ट ही साखळी चालत जातो आणि रखडतो. अशा कॉलमवर बी-ट्रीच लावा. आवृत्ती १३ पासून ती सारख्या किमती एकत्र करून ठेवते.

बकेट फोडण्याचं कामही इन्सर्ट करणाऱ्यालाच करावं लागतं, म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या टेबलांवर जपून. बाकी मर्यादा सरळ आहेत: फक्त ‘बरोबर’ची तुलना चालते, रेंज, ऑर्डर बाय, लाइक, इज नल यांना उपयोग नाही, एकापेक्षा जास्त कॉलम घेता येत नाहीत. कोड सारखा आला तरी किंमत वेगळी असू शकते, त्यामुळे टेबलातला रो दरवेळी तपासावाच लागतो आणि इंडेक्स-ओन्ली स्कॅन (टेबल न वाचता फक्त इंडेक्समधून उत्तर) मिळत नाही.

युनिक इंडेक्सही (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) थेट होत नाही. त्याला वाट आहे: ‘एक्सक्लूड युझिंग हॅश (यूआरएल विथ =)’ असा कन्स्ट्रेंट. तो दुहेरी नोंद अडवतो आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ही (दुहेरी नोंद आली तर ती गुपचूप सोडून देणं) चालतं. ‘डू अपडेट’ (आधीचा रो बदलणं) मात्र चालत नाही, आणि फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलातून जोडणाऱ्या दुव्याला) तो कॉलम संदर्भ म्हणून देता येत नाही.

लावल्यावर पीजीस्टॅटटपल एक्स्टेन्शनमधलं पीजीस्टॅटहॅशइंडेक्स चालवून बकेट पेजेस आणि ओव्हरफ्लो पेजेस यांचे आकडे ताडून पाहा. ते अख्खा इंडेक्स वाचतं, म्हणून लोड कमी असताना चालवा. ओव्हरफ्लो जास्त दिसला तर किमतींमध्ये पुनरावृत्ती आहे, आणि पुन्हा बांधून ती जात नाही. मोठ्या प्रमाणावर रो डिलीट केले असतील तर मात्र रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) लागतोच, कारण बकेटची संख्या एरवी कधीच घटत नाही. साधा हॅश इंडेक्स आवृत्ती १२ पासून काम न थांबवता ‘रीइंडेक्स कॉन्करंटली’ने बांधता येतो, एक्सक्लूड कन्स्ट्रेंटमागच्या इंडेक्सला ती सोय नाही, तिथे टेबलावरचं लिखाण थांबवावं लागतं.