पान म्हणतं ‘सापडलं नाही’, सर्व्हर म्हणतो ‘सगळं ठीक’

नाशिकमधल्या एका कृषी सेवा केंद्रासाठी मी कांदा बाजारभावाची साइट सांभाळतो. लासलगाव, पिंपळगाव, येवला, मनमाड. बाजार समिती आणि तारीख मिळून एक पान, त्यावर आवक, किमान, कमाल, सरासरी. आधी जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर होती, आठ महिन्यांपूर्वी नेक्स्ट.जेएस या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कच्या ॲप राउटरवर (फोल्डरांवरून पानं मांडायची पद्धत) आणली. इथे फक्त ४०४ (पान सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरमध्ये चूक) या सर्व्हरच्या उत्तर-कोडांबद्दल लिहितो, कारण माझ्या सर्वांत जास्त रात्री त्यातच गेल्या.

जँगोत ४०४ आणि ५०० नावाच्या दोन टेम्प्लेट फाइली टाकल्या, डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सोय) बंद केलं, की विषय संपायचा. नेक्स्टमध्ये ‘एरर’ आणि ‘नॉट-फाउंड’ या फाइली फोल्डरागणिक ठेवता येतात. हे मला मनापासून आवडलं. येवल्याचं पान चूक येऊन पडलं तरी वरचा मेनू जागेवर राहतो, माणूस लासलगावचा भाव बघू शकतो. मात्र त्याच फोल्डरातला लेआउट (पानांभोवतीची सामाईक चौकट) पडला, तर शेजारची एरर फाइल काही करत नाही. ती चूक वरच्या फोल्डरातली पकडते. सगळ्यात वरचा लेआउट पडला तर ‘ग्लोबल-एरर’. त्या फाइलीत एचटीएमएल आणि बॉडी टॅग आपणच लिहायचे.

पहिल्याच आठवड्यात मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ‘सापडलं नाही’ पान दाखवणारं नॉटफाउंड() हे फंक्शन आतून एररच फेकतं. मी ते ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडात, ठेवलं होतं, त्यामुळे चुकीच्या बाजार समितीचं नाव टाकलं तरी ‘सर्व्हरमध्ये अडचण आहे’ असं यायचं. ट्रायच्या बाहेर काढलं, मिटलं.

खरी गंमत पुढे. जुन्या साइटच्या शेकडो लिंका गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच तुटल्या होत्या. तुटलेली पानं हेरणारा माझा मॉनिटर प्रोग्रॅम मात्र तीन आठवडे हिरवागार. शेवटी कर्ल या कमांडने सर्व्हरच्या उत्तराचे हेडर बघितले तर कोड २००, म्हणजे ‘ठीक’! पडद्यावर मराठीत ‘हे पान नाही’, आणि खाली सर्व्हर सांगतोय की सगळं आलबेल. कारण होतं ‘लोडिंग’ फाइल, डेटा येईपर्यंत दिसणारा पडदा. ती असली की नेक्स्ट पानाचा सांगाडा आधी पाठवून देतं, त्याबरोबर कोडही जातो. नोंद सापडत नाही हे नंतर कळतं, आणि गेलेला कोड परत बोलावता येत नाही. नेक्स्ट अशा पानात नोइंडेक्सचा (‘हे पान शोधात दाखवू नका’) टॅग घालतं, म्हणून गुगलपुरतं निभावतं. पण मॉनिटर कोडच बघतो ना. लोडिंग फाइल काढली, तरी २००. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, वरच्या फोल्डरातही एक लोडिंग फाइल आहे आणि तिची सावली खालपर्यंत पडते. तीही काढली, तेव्हा ४०४ दिसलं.

यातून एक प्रश्न आमचा आम्हालाच सोडवावा लागला. रविवारी किंवा सणाला लिलावच होत नाही, मग त्या तारखेचं पान ४०४ का? मालक म्हणाले, “भाऊ, बाजार बंद होता हीपण माहितीच आहे.” पटलं. तिथे आता २०० आणि ‘या दिवशी लिलाव नव्हता’. ४०४ फक्त ३१ फेब्रुवारीसारख्या तारखांना. (जावास्क्रिप्टच्या डेटला वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे दिले तर ती तारीख गुपचूप मार्चमध्ये जाऊन बसते. आधी तपासा.)

प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरतात त्या साइटवर, सर्व्हरवरच्या एररचा खरा मजकूर ब्राउझरकडे जात नाही, फक्त ‘डायजेस्ट’ नावाची खूण जाते. सुरुवातीला वैताग आला. मग ती खूण मी पानाच्या तळाशी ‘तक्रार क्रमांक’ म्हणून छापली. निफाडच्या एका शेतकऱ्याने स्क्रीनशॉट पाठवला, लॉगमध्ये तोच क्रमांक शोधला, पाच मिनिटांत चूक हाती.

‘पुन्हा प्रयत्न करा’ बटणाने मात्र फसवलं. नुसतं रीसेट() केलं की तेच पडलेलं पान परत मांडलं जातं, सर्व्हरकडून नवा डेटा येत नाही. सोबत सर्व्हरकडून डेटा परत मागवणारं राउटरचं रिफ्रेश() लागतं.

एक गोष्ट अजून खटकते. डेटाबेस दुरुस्तीला काढला की पानातून ५०३ (सेवा तात्पुरती बंद) देण्याची सरळ सोय मला मिळाली नाही. तेवढ्यासाठी नेक्स्टच्या पुढे एनजिनएक्स हा वेगळा वेब सर्व्हर बसवलाय, आणि दुरुस्तीचं पान तोच दाखवतो, साधं एचटीएमएल, दहा ओळींचं.