साधा कॉल, व्हॉट्सॲप, टेलिग्राम की सिग्नल: कुठे काय उघडं राहतं

वकील आणि अशील, पत्रकार आणि त्याला कागद दाखवणारा कर्मचारी, घरातल्या मारहाणीला कंटाळलेली बाई आणि तिला मदत करणारी संस्था, या सगळ्यांना आधी एकच ठरवावं लागतं: बोलायचं कशावर? ‘सगळ्यात सुरक्षित ॲप कोणतं’ असं विचारून उत्तर मिळत नाही. आपला मजकूर तीन ठिकाणी हाती लागू शकतो: वाटेत, बॅकअपमध्ये आणि हँडसेटमध्ये. शिवाय कोण कोणाशी कधी बोललं ही नोंद वेगळीच असते, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरही माणूस उघडा पडतो.

साधा कॉल आणि एसएमएस

इथे कंपनीपासून काहीच लपत नाही. फोन आणि टॉवर यांच्यामध्ये एन्क्रिप्शन (मजकुराला सांकेतिक कुलूप लावणं) असतं, पण कंपनीच्या यंत्रणेत आवाज आणि एसएमएस उघडेच असतात. टॅपिंग तिथूनच होतं. त्याचा कायदा आता दूरसंचार अधिनियम २०२३ चा कलम २० आणि डिसेंबर २०२४ चे नियम असा आहे. आदेश केंद्रीय गृहसचिव किंवा राज्याचे गृह सचिव देतात. तो ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे जात नाही. तातडीच्या प्रसंगी राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी टॅपिंग सुरू करू शकतो, मात्र सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर ते थांबवावं लागतं. आढावा समितीचे अध्यक्ष राज्यात मुख्य सचिव आणि केंद्रात कॅबिनेट सचिव असतात.

या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. आदेश सरकारी अधिकाऱ्याचा आणि तपासणीही सरकारी अधिकाऱ्यांचीच. ज्याचा फोन ऐकला जातो त्याला कळवण्याची तरतूद नाही, त्यामुळे दाद मागण्याची वेळ बहुधा आरोपपत्र हातात पडल्यावरच येते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण ‘सार्वजनिक सुरक्षितते’ची अट पूर्ण होत नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये भ्रष्टाचाराच्याच दुसऱ्या प्रकरणात टॅपिंग वैध ठरवलं. म्हणजे कोर्टाचं संरक्षण मिळेलच असं धरून चालता येत नाही.

कॉलच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, तर टॅपिंगशिवायही मिळतात. कंपन्यांना त्या किमान दोन वर्षं जपाव्या लागतात. डॉक्टरची वेळ ठरवायला साधा कॉल ठीक आहे, नाव गुप्त ठेवायचं असेल तर मुळीच नाही.

व्हॉट्सॲप

महाराष्ट्रातली बहुतेक माणसं इथेच आहेत आणि हीच याची खरी जमेची बाजू. २०१६ पासून संदेश आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त दोन टोकांच्या फोनवरच उघडणारे आहेत, त्यामुळे वाटेतला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. संपर्कांच्या नोंदी मात्र कंपनीकडे असतात आणि कायदेशीर मागणी आली की त्या दिल्या जातात.

खरी गळती बॅकअपमध्ये होते. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपण मुद्दाम सोय केली नसेल तर एंड-टू-एंड संरक्षणाबाहेर राहतो. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, मग एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप उघडा आणि पासवर्ड किंवा ६४ अंकी की (म्हणजे चावी) निवडा. ही की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा, फोनच्या गॅलरीत तिचा स्क्रीनशॉट नको. ती हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. आणि हे दोन्ही बाजूंनी करावं लागतं. तुम्ही केलंत आणि समोरच्याने केलं नाही, तर तुमचं अख्खं संभाषण त्याच्या ड्राइव्हवर पडलेलं असतं.

पुढचं काम म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन. तो नसेल तर सिमची नक्कल करून एसएमएसवरचा ओटीपी मिळवणारा तुमचं खातं आपल्या फोनवर सुरू करू शकतो. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादीही दर आठवड्याला पाहा. कुणी दोन मिनिटं फोन हातात घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला असेल, तर मेसेज एन्क्रिप्शन न तोडताच त्याच्या लॅपटॉपवर पोचत राहतात. घरातली पाळत बहुधा अशीच चालते.

टेलिग्राम

खासगी बोलण्यासाठी याची शिफारस करता येत नाही. नेहमीच्या चॅट आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. ते सर्व्हरवर राहतात आणि त्यांच्या चाव्या कंपनीकडे असतात. ‘सीक्रेट चॅट’ वेगळी सुरू करावी लागते आणि तीही फक्त दोघांतच चालते. नाव लपतं हा समजही टिकणारा नाही. कोचिंगचं साहित्य चोरून वाटणाऱ्या चॅनेलांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या आदेशानंतर टेलिग्रामने चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) बंद पाकिटात दिले. जाहीर चॅनेलसाठी हे ॲप उत्तम आहे, वापर तेवढ्यापुरताच ठेवावा.

सिग्नल

व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन ज्या प्रोटोकॉलवर चालतं तो मूळचा सिग्नलचाच. फरक नोंदींचा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) माहिती मागवली, तेव्हा सिग्नलकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. नोंदणीला फोन नंबर लागतोच, पण २०२४ पासून युजरनेम ठेवून तो समोरच्यापासून लपवता येतो. ‘रजिस्ट्रेशन लॉक’ सुरू करा, म्हणजे पिनशिवाय तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवता येत नाही, मेसेज आपोआप पुसण्याची मुदत ठरवा आणि नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसणार नाही असं करा. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या: तपास किंवा खटला सुरू झाल्यावर मुद्दाम मेसेज पुसणं हे पुरावा नष्ट करणं ठरू शकतं.

पोलिसांचं मग काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. मुलांचं शोषण किंवा खंडणी यांच्या तपासात चॅट लागतातच. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ खाली सरकार डिक्रिप्शन, म्हणजे हे कुलूप उघडून मजकूर, मागू शकतं आणि सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ज्या कंपनीकडे चावीच नाही ती काय देणार? म्हणून २०२१ च्या नियमांत संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून देण्याची सक्ती आली. तिला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ही सक्ती मला चुकीची वाटते. पहिला पाठवणारा सापडावा म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाचा माग ठेवावा लागेल, आणि दुसऱ्या ॲपवरून मजकूर कॉपी करून टाकणारा निरपराध माणूसच ‘मूळ’ ठरेल.

‘फक्त पोलिसांसाठी’ ठेवलेलं दार पोलिसांपुरतं राहत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ साली व्होडाफोनच्या यंत्रणेतली कायदेशीर टॅपिंगचीच सोय कुणीतरी ताब्यात घेतली आणि पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरलेले चिनी हॅकर न्यायालयीन टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर तिथल्याच सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड ॲप वापरायला सांगितलं.

तपासाचे रस्तेही बंद होत नाहीत. सीडीआर, टॉवरची ठिकाणं, आयपी पत्ते, बँकेचे व्यवहार, ग्रुपमधला एखादा सदस्य आणि मुख्य म्हणजे जप्त केलेला फोन एवढं सगळं हाताशी असतं. यासाठी कोट्यवधी लोकांचं कुलूप तोडावं लागत नाही.

निवड

स्रोत किंवा अशिलासाठी सिग्नल, समोरचा ते घ्यायला तयार नसेल तर वर सांगितलेल्या सोयी करून व्हॉट्सॲप. मारहाण करणाऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला मात्र नवीन ॲप घ्यायला लावू नका, कारण फोनवर दिसलेला अनोळखी आयकॉनच तिला महागात पडू शकतो. तिच्यासाठी मैत्रिणीचा फोन जास्त सुरक्षित. हँडसेटला चार अंकांऐवजी अक्षरं आणि अंक मिळून लांब पासवर्ड ठेवा, अपडेट आलं की लगेच घ्या आणि फोन दुरुस्तीला देण्याआधी ही ॲप काढून टाका. पेगासससारखं स्पायवेअर (चोरून पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर) फोनमध्येच शिरलं असेल तर मात्र यातलं कुठलंही ॲप वाचवू शकत नाही. तसा संशय असेल तर त्या फोनवर त्या विषयाचं काहीच बोलू नका.