लेन्स घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा सोबत न्या

भिगवणला रोहित पक्षी टिपायचे म्हणून मी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स शोधत होतो. कॅमेरा निकॉनचा डी५३००. निकॉनची स्वतःची ७०-३०० मिमीची लेन्स परवडत नव्हती, म्हणून मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानात टॅमरॉनची ७०-३०० बघितली. निम्म्याहून कमी किंमत. माझा कॅमेरा मात्र पुण्याला घरी होता.

दुकानदाराने काउंटरवरच्या डी७१००ला लेन्स लावून दिली. समोरच्या खिडकीवर फोकस झटकन बसला. "माझा डी५३०० आहे, त्याला चालेल ना?" मी दोनदा विचारलं. "दोन्ही निकॉनच ना साहेब? माउंट एकच." माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती जोडणी, एकच असतो, हे खरंच. पुढचं त्याने दडवलं.

भिगवणला पहाटे आम्ही होडीत असताना पहिला थवा उठला. मी फोकससाठी शटर अर्धं दाबलं, लेन्स हललीच नाही. हाताने रिंग फिरवेपर्यंत पक्षी लांब गेले होते.

घरी आल्यावर कारण कळलं. डी७१००च्या बॉडीत, म्हणजे खुद्द कॅमेऱ्यात, फोकससाठी मोटर असते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती नसते, त्यांना मोटर लेन्समध्येच लागते. टॅमरॉनने निकॉनसाठी ही लेन्स आधी बिनमोटरची काढली, नंतर मोटरची. दुकानदाराने मला जुना पडून असलेला माल खपवला. ओळखायला सोपं आहे: लेन्स उलटी धरून माउंटची धातूची कडी बघा. तिथे स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसली, तर ती लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालणारी.

टॅमरॉनला मी दोष देत नाही. मित्राच्या डी७२००वर हीच लेन्स छान चालते. सिग्मा, टोकिना, टॅमरॉन यांच्या लेन्स घेऊन उत्तम काम करणारे कितीतरी जण आहेत, त्यामुळे घाबरून दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. फक्त मॉडेलचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. माझ्या कच्च्या पावतीवर नुसतं "७०-३०० लेन्स" होतं. वॉरंटी कार्ड कोरं. परत गेलो तर उत्तर मिळालं, "चालवून बघूनच घेतलीत ना?" १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी बिल मागितलं. ते माझ्याकडे नव्हतंच.

गेल्या महिन्यात त्या दुकानावरून गेलो. एक कॉलेजचा मुलगा लेन्स बघत होता, आणि त्याच्या हातात तोच डी७१०० दिला होता. मी आत जाऊन त्याला त्याचा कॅमेरा कोणता ते विचारलं.