‘जागा मोकळी करून मिळेल’: किनाऱ्यावरच्या पाडकाम सेवेत काय घ्यावं, काय घेऊ नये

देवबाग-तारकर्लीपासून गुहागर, हर्णे, नागावपर्यंत समुद्रालगतचे जुने परमिट रूम, शॅक आणि ‘बार अँड लॉजिंग’ पाडायची कामं घेणारे ठेकेदार दोन तऱ्हेची सेवा विकतात. एक साधी: रिकामी इमारत उतरवायची, माल निवडायचा, राडारोडा उचलायचा. दुसरं ‘पॅकेज’: आत भाडेकरू असला तरी त्याला बाहेर काढून, पाडून, जमीन सपाट करून देतो. साध्या सेवेला पाचपैकी चार गुण. पॅकेजला शून्य.

आधी साध्या सेवेबद्दल, कारण तिच्यात कसब आहे. चांगला ठेकेदार पहिल्या दिवशी जेसीबी आणतच नाही. माणसं छपरावर चढवतो. मंगलोरी कौलं हातांनी उतरली तर विकली जातात, बकेट लागली की चुरा. सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो असंच धरून चालावं. ते पाण्याने भिजवून, हुकाचे नट सोडवून अख्खे खाली घ्यायचे. गंजलेले नट सुटत नाहीत म्हणून हातोडा मारणारी टोळी दिसली तर काम थांबवा; ती धूळ शेजारच्या खाणावळीत जाते. मग वासे, दारं-खिडक्या, ग्रिल. जांभ्याचे चिरे शेवटी. मातीत किंवा चुन्यात बांधलेला चिरा पहारीने सुटून अख्खा निघतो, सिमेंटमधला निम्म्याहून जास्त फुटतो. म्हणून भंगार आणि चिऱ्यांची वजावट कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्यावी. ‘माल आमचा, मजुरी माफ’ हा सौदा जुन्या जांभ्याच्या घरात मालकाला बहुधा महागात पडतो.

यंत्राचंही तसंच. चाकांचा जेसीबी पुळणीत रुततो, मग त्याला ओढायला दुसरा येतो आणि तासांचं मीटर दोघांचंही चालू राहतं. वाळूच्या जागेत साखळीचा पोकलेन लागतो. सर्वात मोठा अपघात सेप्टिक टँकचा. बारचे टँक वाढीव बांधकामाखाली गेलेले असतात, नकाशात नसतात, आणि वरचा स्लॅब यंत्राच्या वजनाने खचतो. आधी टँकरने उपसा, मग झाकणं उघडी ठेवून हवा, मगच यंत्र; आत माणूस उतरवायचा नाही. आरसीसी भक्कम असेल तर भाव वेगळाच. किहीमला नीरव मोदीचा बंगला यंत्रांना दाद देईना, तेव्हा ८ मार्च २०१९ रोजी प्रशासनाला तो सुरुंग लावून उडवावा लागला. ‘दोन दिवसांत सगळं साफ’ म्हणणाऱ्याला कॉलम किती आणि सळई किती जाडीची, एवढंच विचारा.

वेळही बघावी. कासवांच्या विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. गुहागर, वेळास, आंजर्ले, वायंगणी अशा किनाऱ्यांवर या काळात पुळणीवरून यंत्र नेणं म्हणजे घरटी चिरडणं. रस्त्याच्या बाजूने वाट नसेल तर काम हातानेच.

एक गुण कापला तो कागदांसाठी. बहुतेक ठेकेदार ‘ते मालकाचं काम’ म्हणून हात झटकतात. महावितरणकडून कायमची वीज तोडल्याचा कागद आणि मीटर काढल्याची नोंद हवी. नुसता मेन स्विच खाली केला की खांबावरून येणारी सर्व्हिस वायर जिवंतच राहते. १९ किलोचे गॅस सिलिंडर एजन्सीला परत. परमिट रूमचा एफएल-३ परवाना असेल तर बाटल्यांना ठेकेदाराने हातही लावू नये: साठा राज्य उत्पादन शुल्कच्या हिशेबात असतो आणि परवान्याशिवाय पेटी हलवली की गुन्हा टेम्पोवाल्यावरही येतो. काम संपल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून घर कमी करून घ्या, नाहीतर नसलेल्या बारची घरपट्टी येत राहते. आणि सातबारा. कोकणात त्यावर भावकीतली डझनभर नावं असतात. मुंबईतल्या एका चुलत्याची सही नसेल, तर यंत्र बांधापाशी आल्यावर तोच गावातल्या कुणालातरी फोन करून काम अडवतो. इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, तेही आधीच पाहावं.

आता पॅकेज. विकणारा सांगतो, ‘माणसं आपली आहेत, फौजेतली.’ रात्री तीन-चारला यंत्र, सोबत चित्त्याच्या ठिपक्यांसारख्या छापाचे कपडे घातलेली पंचवीस-तीस माणसं. मालकाला वाटतं, वर्दी दिसली की भाडेकरू गप्प बसेल. खरं तर वर्दीनेच प्रकरण वाढतं. माजी सैनिक सुरक्षारक्षक म्हणून नोकरी करतात, त्यात गैर काही नाही. पण खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा, २००५ च्या कलम २१ प्रमाणे रक्षकाने लष्कराचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा दिसणारा पोशाख घातला तर त्याच्यासोबत एजन्सीच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खरं लष्कर तर अशा कामाला येतच नाही. जमाव हटवायला सैन्य बोलवायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ खाली दंडाधिकाऱ्याचा आहे, जागामालकाचा नाही. मग समोर उभा असलेला तोतया असतो, नाहीतर सुट्टीत जादा कमाई करणारा. दोन्हींत चौकशी मालकापर्यंत येते.

या पॅकेजचा ठसठशीत नमुना बँकॉकचा आहे. सुखुमवित रस्त्याच्या सोई १० मधल्या ‘सुखुमवित स्क्वेअर’ या बिअर बारांच्या वसाहतीवर २६ जानेवारी २००३ च्या पहाटे शेकडो माणसं आणि यंत्रं चालून आली. उजाडेपर्यंत बार आणि दुकानं जमीनदोस्त. लष्करी अधिकाऱ्यांचा हात असल्याचा संशय लगेच आला, काही अधिकारी आरोपीही झाले. जागेचा मालक, मसाज पार्लरचा धनाढ्य चुवित कमोलविसित, याला अटक झाली. पुढे तो राजकारणात गेला, त्या जागेवर बाग उभी केली, खासदार झाला. तरी खटला सुटला नाही, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोन वर्षांची कैद दिली. एका पहाटेचं काम, तेरा वर्षांचा खटला. आपल्याकडचा पॅकेजवाला हे कोटेशनमध्ये लिहीत नाही.

मालकाला सरळ वाट लांबची वाटते, पण तीच आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली, सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट काढतो’ हेही खोटं: भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ची ती सोय राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे, बारला नाही. बारसाठी दिवाणी दावा, ताब्याचा हुकूम, बेलिफ, आणि गरज पडली तर न्यायालयाच्या परवानगीने पोलीस बंदोबस्त. तहसीलदाराने अतिक्रमण काढायचं असेल तर तो जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली, सरकारी जमिनीवरून काढतो. त्याची नोटीस दाखवून खासगी जागा रिकामी करू पाहणाऱ्याला गट नंबर जुळवून दाखवायला सांगा.

आणि बार चालवणाऱ्यांसाठी: दारात यंत्र उभं राहिलं तर आधी ११२, मग व्हिडिओ. यंत्राचा नंबर, चालकाचा चेहरा, कपड्यांवरच्या पट्ट्या, सगळं त्यात यावं. हुकूम मागा, त्यावर न्यायालयाचा किंवा कार्यालयाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि तुमच्याच जागेचा गट नंबर हवा. सामानाची यादी दोन पंचांच्या सहीने तिथेच करा, फ्रीजच्या मॉडेल नंबरसकट, कारण नंतर भरपाई त्याच यादीवरून मागता येते. ताबा गेलाच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावावा. त्यात मालकी कुणाची हा प्रश्न येत नाही, कायद्याच्या मार्गाशिवाय काढलं एवढंच दाखवायचं असतं. मात्र सरकारविरुद्ध हे कलम चालत नाही, आणि सातवा महिना लागला की खासगी मालकाविरुद्धही उपयोगाचं राहत नाही.