‘भारत एक खोज’चा डीव्हीडी संच : आठ महिन्यांनंतर

घाईत असलेल्यांसाठी आधी उत्तर. चित्र कसं आहे? मऊ. आवाज? कधी पुटपुटल्यासारखा, कधी अंगावर येणारा. घ्यावा का? घ्या, पण लढाया बघायला घेऊ नका.

नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वरून दूरदर्शनसाठी ‘भारत एक खोज’ ही मालिका करणारे दिग्दर्शक श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ ला गेले. त्या आठवड्यात बाबांनी जेवताना एकदाच विषय काढला, “ती मालिका आता कुठे बघायला मिळते का गं?” बाबा एखादी गोष्ट दुसऱ्यांदा मागत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदाच कान उघडे ठेवावे लागतात. कोथरूडमधल्या एका ओळखीच्या कुटुंबाची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि फ्लॅट रिकामा करायचं चाललं होतं. पुस्तकं, पितळी डबे, शिवणयंत्र असं सगळं हॉलमध्ये मांडलेलं, “हवं ते उचला” म्हणून. त्यात हा संच होता. अठरा डिस्क, त्रेपन्न भाग. मी सातशे रुपये दिले. ते घेत नव्हते, मी दिले. सोबतची माहितीपुस्तिका मात्र गायब होती, आणि खोक्यातले डिस्क अडकवायचे प्लॅस्टिकचे दात निम्मे मोडलेले. डिस्क आत घरंगळून एकमेकींवर घासल्या होत्या. याचा हिशोब पुढे येतोच.

पहिला महिना बघण्यात कमी आणि वायरींत जास्त गेला. आमचा जुना प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीचा आणि नवा टीव्ही नुसत्या एचडीएमआयचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले, दुकानदाराने प्रश्नही न विचारता या वायरी एचडीएमआयला जोडणारी तीनशेची एक डबी हातात ठेवली. चित्र आलं, पण रोशन सेठ यांचे नेहरू एकदम खात्यापित्या घरचे झाले. मालिकेचं चित्र ४:३ म्हणजे चौकोनाकडे झुकणारं, टीव्ही १६:९ म्हणजे लांबट, आणि टीव्हीला रिकामी जागा बघवत नाही, म्हणून तो माणसांना आडवं ताणतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइझ’ शोधून ४:३ करा. आमच्या आईने लगेच विचारलं, “दोन्हीकडे पडदे का ओढलेत?” आठ महिने झाले, ती अजून विचारते.

चित्र मऊ का, हेही सांगते, नाहीतर लोक डिस्कला दोष देतात. डीव्हीडीत आडव्या ओळी फार तर ५७६. आमच्या ४३ इंची फोर-के टीव्हीत २१६०. म्हणजे एका ओळीच्या जवळजवळ चार करायच्या, आणि मधलं सगळं टीव्ही आपल्या मनाने भरणार. भरता भरता तो चेहऱ्यांना मेण फासतो. मी शार्पनेस शून्यावर आणला, नॉइज रिडक्शन बंद केलं, हालचाल गुळगुळीत करणारं ते जे काय असतं तेही बंद केलं, आणि सोफा दीड फूट मागे सरकवला. सगळ्यात जास्त फरक सोफ्याने पडला. पुढे जुन्या बाजारात एका रविवारी एचडीएमआयवाला प्लेअर नऊशेला मिळाला, तेव्हापासून लाल पागोट्यांचा रंग कपाळावर ओघळायचा थांबला. त्या पिवळ्या वायरीतून रंग असे पसरतात. तुमच्याकडे अजून ती वायर असेल तर आधी ती बदला, मग संचाबद्दल बोला.

आता मालिका.

१९८८ मध्ये मी नऊ वर्षांची होते. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो आणि घरात लाकडी दारांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. पुण्याचं प्रक्षेपण सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून, म्हणून पेठेतली प्रत्येक अँटेना गडाकडे तोंड करून उभी. वारा सुटला की माझा दादा पत्र्यावर आणि मी खिडकीत, मध्ये आमची “आलं?” “गेलं!” चालायची. म्हणजे मी ‘भारत एक खोज’ पाहिली होती ती राखाडी, मुंग्या आलेली, आणि बरीचशी खिडकीतून मान वळवून. तरी इतकी वर्षं मी छातीठोकपणे ती माझी आवडती मालिका म्हणून सांगत आले.

माझ्या डोक्यात काय उरलं होतं? सुरुवातीचं ते ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, वनराज भाटियांचं संगीत आणि वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद. ते ऐकलं की पोटात गार पडायचं, आजही पडतं. ते पुढे ढकलू नका, त्रेपन्नही वेळा ऐका. आणि दुसरं म्हणजे लढाया. हत्ती, धूर, तलवारी, अफाट सैन्य.

सैन्य अफाट नाहीये. सैन्य पंचवीस-तीस जणांचं असावं, आणि धूर भरपूर आहे. अँटेनाच्या मुंग्यांनी त्यावेळी माझ्यासाठी मोठं काम केलं होतं. आता रंगीत आणि स्थिर चित्रात चिकटवलेल्या दाढीची कड दिसते, दगडी भिंतीवरचा ब्रशचा फराटा दिसतो. सुरुवातीचे भाग तर मला जडच गेले. माझी लेक, वय चौदा, सोफ्यावर उलटी पडून म्हणाली, “आई, हे शाळेच्या गॅदरिंगसारखं आहे.” मला राग आला, कारण त्याच क्षणी माझ्याही मनात तेच आलं होतं.

मला वाटतं चौथा की पाचवा रविवार असेल. बाबा बँकेत होते, पण त्यांचा खरा जीव फोटोग्राफीत. वाड्यातली न्हाणीघराची खोली दर शनिवारी रात्री डार्करूम व्हायची आणि आईला आंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात काढावं लागायचं. ते बराच वेळ गप्प बसून बघत होते, मग म्हणाले, “रंग काढ बरं जरा.”

“म्हणजे?”

“रंग. शून्य कर.”

मी टीव्हीचा कलर शून्यावर आणला. पडद्यावर रात्रीचा प्रसंग, एका बाजूने उजेड, ओम पुरींचा अर्धा चेहरा अंधारात. रंगीत असताना मला दिसत होती ती मखरासारखी मागची भिंत आणि तिच्यावरचा भडक पडदा. रंग गेले तशी भिंत मागे सरली, पडदा नुसता काळा झाला, आणि पुढे उरला गालाच्या हाडावरचा उजेड आणि डोळ्यातला एक ठिपका. खोली एकदम खोल झाली. लेक सरळ उठून बसली.

बाबा म्हणाले, “मूर्तींचं काम आहे. बघ नावात.”

नावात होतंच. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती. ज्यांनी गुरुदत्तचा ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ टिपला, तेच. ‘कागज के फूल’ १९५९ चा, म्हणजे मालिकेच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचा. माणसाने इतकी वर्षं काळ्या-पांढऱ्यात उजेड लावला, मग तो दूरदर्शनच्या रंगीत मालिकेत आल्यावर हात थोडाच विसरतो? मी लहानपणी मुंग्यांमधून जे बघितलं होतं, ते नकळत बरोबर बघितलं होतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : दिवसाचे प्रसंग रंगीत, रात्रीचे बिनरंगी. रिमोट बाबांकडे. प्रसंगामध्ये दहा वेळा बदलतात, वैताग येतो, पण तुम्ही एकदा तरी करून बघाच.

त्या रविवारनंतर मी लढाया सोडून दिल्या आणि दोन माणसं एका खोलीत बसून बोलतात ते बघायला लागले. तिथे ही मालिका आजही कुणाला हार जात नाही. बेनेगलांनी पैशाची अडचण कशी सोडवली बघा. त्याच काळात बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ रविवारी सकाळी चालू होतं, चौऱ्याण्णव भागांचं, रथ आणि चमकणारे बाण घेऊन. बेनेगल त्यांच्याशी स्पर्धाच करत नाहीत. ते लोकगायिका तीजनबाईंना पुढे आणतात, हातात तंबुरा, महाभारत गाऊन सांगणाऱ्या पंडवानीचा सूर, आणि एक बाई एकटीच सगळं कुरुक्षेत्र उभं करते. तसंच ‘पृथ्वीराज रासो’ आणि ‘पद्मावत’चं. जिथे आपल्या हातात इतिहासाऐवजी काव्य आहे, तिथे मालिका ते काव्य म्हणूनच समोर ठेवते. नऊ वर्षांची असताना हे मला कळणं शक्य नव्हतं. आज मात्र व्हॉट्सअॅपवर रोज इतिहास येतो, त्यामुळे ही शिस्त फारच ठळक दिसते.

एकच नट पाच भूमिका करतो, याची मात्र तयारी ठेवा. ओम पुरी सम्राट अशोक, ओम पुरी अल्लाउद्दीन खिलजी, ओम पुरी औरंगजेब, आणि निवेदकही तेच. लेक दर तिसऱ्या रविवारी विचारायची, “हे परत आले?” सलीम घौस राम होतात, कृष्ण होतात आणि पुढे टिपू सुलतान. कुलभूषण खरबंदांचा अकबर मला तेव्हा कंटाळवाणा वाटला होता. आता वाटतं, ऐकत बसलेला राजा इतका चांगला फार कमी जणांना जमलाय.

बाबा मूळचे नगरचे. नेहरूंनी ज्या पुस्तकावरून ही मालिका निघाली ते १९४४ मध्ये नगरच्या किल्ल्यात, कैदेत असताना लिहिलं, ही गोष्ट ते प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सांगतात. नवं कुणी घरी आलं असेल तर सविस्तर. (अहिल्यानगर म्हणा असं लेक सुधारते. “किल्ला तोच आहे ना?” असं त्यांचं उत्तर ठरलेलं.) सदाशिव अमरापूरकर महात्मा फुले म्हणून आले तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरकले. अमरापूरकरही नगरचेच! सिनेमातल्या खलनायकाची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना हा माणूस असा आवाज खाली ठेवून, समोरच्याकडे बघत बोलताना दिसतो, तेव्हा त्यांना काय काय करता आलं असतं असं वाटून हळहळ वाटते. माझ्या मते अख्ख्या संचातला हा सगळ्यात चांगला भाग. आम्ही तो तीनदा बघितला, रंगीत.

त्याच आठवड्यात मला प्लेअरचा रिमोट आणायला बुधवार पेठेत जायचं होतं. बाबा म्हणाले मीही येतो. रिमोट पाच मिनिटांत मिळाला. मग ते दगडूशेठच्या समोर येऊन उभे राहिले, दर्शनाच्या रांगेकडे पाठ करून. भिडेवाडा तिथे होता. फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. मी त्या रस्त्याने हजार वेळा गेले असेन, लग्नाची खरेदीही तिथूनच केली, आणि वाडा पडका का होईना उभा होता तेव्हा एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. बाबांनी काही भाषण केलं नाही. “अमरापूरकरांनी छान केलं,” एवढंच म्हणाले, आणि आम्ही रिक्षा केली.

आता तक्रारी. आवाजाचा विषय राहिला. संवाद हळू आणि संगीत मोठं, त्यात नव्या टीव्हीचे स्पीकर मागे भिंतीकडे तोंड करून. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून मी जुन्या स्टिरिओचे दोन लाकडी स्पीकर जोडले, तेव्हा कुठे हिंदी नीट कळायला लागलं. डिस्क पुसायची तर गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे, सरळ, चष्म्याच्या फडक्याने. पावसाळ्यात खोक्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा. माझ्या मोडक्या खोक्याऐवजी मी शेवटी कागदी पाकिटं केली, आणि पुस्तिका नसल्यामुळे बाबांनी वही घातली : डिस्क क्रमांक, भाग, कोण कोण नट, आणि शेरा. शेरे बँकेतल्या भाषेत आहेत. “समाधानकारक.” “पुन्हा पाहणे.” हडप्पाच्या पुढे नुसतं “दाढ्या”.

एवढं करूनही एक डिस्क अडकतेच, आणि अडकायची ती कुठे, तर शिवाजी महाराजांच्या भागात. पुण्यात, आमच्या घरात, नसीरुद्दीन शाह महाराज म्हणून काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि चौकोन चौकोन होऊन थिजतात. खोबरेल, टूथपेस्ट, नेटवर सांगितलेले सगळे उपाय झाले. उपयोग शून्य, टूथपेस्टने उलट ओरखडा वाढला.

“यूट्यूबवर आहे की फुकट, प्रसार भारतीच्या संग्रहात,” असं मला आतापर्यंत सहा जणांनी सांगितलंय. ठाऊक आहे. पण आमच्याकडे तिथे वाक्याच्या मध्येच दातांच्या पेस्टची जाहिरात येते, भाग संपायच्या आत पुढचं काहीतरी सुरू होतं, आणि बाबांना कुठे बोट लावायचं ते कळत नाही. डिस्क आत ढकलायला, ती फिरल्याचा आवाज ऐकायला त्यांना जमतं. तीन भाग संपले की डिस्क थांबते आणि कुणीतरी उठून चहा टाकतं. मला स्वतःला सलग चार भाग बघायची खोड आहे. इथे ते एकदा केलं, तर अशोक आणि पुढचे सगळे डोक्यात एकमेकांत मिसळले. एका रविवारी एकच डिस्क, हे प्रमाण योग्य.

मात्र ती अडकलेली दहा मिनिटं. बाबा दोन महिने नाहीच म्हणत होते. गेल्या रविवारी त्यांनीच विचारलं, “तुझ्या फोनवर किती मोठं दिसेल?” स्टीलच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला, आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर डोकी जवळ घेऊन बसलो, आणि महाराजांचं वाक्य पूर्ण झालं. मधे एक जाहिरात आली, ती बाबांनी डोळे मिटून घालवली. मग वही काढून त्या भागापुढे लिहिलं : “उर्वरित मोबाइलवर. चित्र लहान. समाधानकारक.”